वक्त्याआधी श्रोता

एप्रिलचा तिसरा आठवडा उलटला, शाळा-कॉलेजांच्या परीक्षा आटोपल्या आणि दुपारच्या उन्हात पेठांतले रस्ते ओस पडू लागले, म्हणजे पुण्यातील टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेचे दिवस येतात. 21 एप्रिलला आरंभ होऊन 20 मेपर्यंत चालणारे हे ज्ञानसत्र पुणेकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या काळात सुरू केले, याचा विचार सभागृहात बसलेल्या शंभरांतील दहांच्याही मनात क्वचितच येत असेल. या मालेचा उगम 1875 सालचा. महादेव गोविंद रानडे त्या वेळी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले नव्हते. 1871 साली ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून आले आणि सरकारी चाकरी सांभाळून सार्वजनिक सभेपासून ग्रंथालयांपर्यंत ज्या अनेक कामांत त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले, त्यांतच वक्तृत्वोत्तेजक सभा आणि तिची वसंत ऋतूतील व्याख्याने यांचा समावेश होतो.

सभेच्या नावात वक्तृत्वाला उत्तेजन देण्याचा हेतू स्पष्ट आहे. परंतु दीडशे वर्षांचा हिशेब मांडू गेल्यास, या सभेने वक्ते किती घडविले यापेक्षा तिने श्रोते किती घडविले हाच जमेचा मोठा आकडा ठरेल, असे मला मनापासून वाटते. पुराणिकाच्या समोर हात जोडून बसणारा समाज ऐकण्याला नवखा नव्हता. तथापि ते ऐकणे श्रद्धेचे होते, आणि पुराण संपल्यावर उठून शंका काढण्याचा शिरस्ता सहसा नव्हता. व्याख्यानाची रीत निराळी. येथे अध्यक्ष असतो, वेळेचे बंधन असते, वक्ता आपल्या विधानांना आधार देण्यास बांधलेला असतो, आणि समोर बसलेल्या माणसाला ते मान्य करण्याची वा अमान्य करण्याची पूर्ण मुभा असते. आजही पहिल्या काही रांगांत अशी मंडळी दिसतात, की ज्यांच्या मांडीवर वही उघडी असते आणि वक्त्याच्या तोंडून एखादा सन चुकीचा निघाला तर शेजाऱ्याच्या कानाशी लागून तो दुरुस्त केल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही. अशा माणसांसमोर बोलावयाचे आहे, ही जाणीवच वक्त्याला आदल्या रात्री पुन्हा एकदा संदर्भ तपासावयास लावते. भाषणकलेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आपला पहिला धडा म्हणून हीच गोष्ट सांगावी, कारण बोलण्याचा दर्जा हा पुष्कळ अंशी ऐकणाऱ्याच्या दर्जावर ठरतो.

श्रोता म्हणून पुण्याची परीक्षा त्याच 1875 साली झाली होती, आणि तीत सारेच उत्तीर्ण झाले असे नाही. रानडे प्रभृतींच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती त्या पावसाळ्यात पुण्यास आले आणि त्यांची व्याख्यानमाला झाली. त्यांपैकी पंधरा व्याख्यानांचा गोषवारा मराठीत टिपून ठेवलेला असल्यामुळे तो आजही वाचावयास मिळतो. मतभेद असणारे लोकही ती ऐकावयास जात. पण मुक्कामाच्या अखेरीस स्वामींची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून तिचे विडंबन केले आणि चिखलफेकही झाली. मिरवणुकीत रानडे होते, आणि जोतीराव फुलेही आपल्या अनुयायांसह स्वामींच्या पाठीशी उभे राहिले होते. एकाच शहरात, एकाच ऋतूत, न पटणारे विचार टिपून घेणारा हात आणि त्याच विचारांवर चिखल फेकणारा हात, असे दोन्ही हात होते. ज्या मंडळींनी व्याख्याने जिवापाड भरविली त्यांना आपण केवढ्या अवघड कामाला हात घातला आहे, हे त्या दिवशी उमगले असलेच पाहिजे.

श्रोत्याला बरोबरीचा मान देण्याची ही दृष्टी आपल्याकडे परकीयांकडून आली, असे मात्र समजण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करीत उघडतो. ग्रंथकर्ता संतसभेशी लडिवाळपणे बोलतो, आपली धिटाई पदरात घेण्यास विनवितो, आणि पुढचे निरूपण हा त्या अवधानाचा परिणाम आहे असे मानतो. समर्थांचा दासबोध तर उघडउघड श्रोता आणि वक्ता यांच्या संवादाच्या रूपानेच मांडलेला आहे. श्रोता आशंका घेतो, वक्ता तिचे निरसन करतो, आणि नवविधा भक्तीचे विवेचन करणाऱ्या चौथ्या दशकात पहिला समास श्रवणाला दिलेला आहे. कीर्तनाचा क्रम त्यानंतरचा. ऐकणे आधी आणि बोलणे मागून, हा तो अनुक्रम आहे.

सदाशिव पेठेतील नारद मंदिरात नारदीय कीर्तन ऐकण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना भाषणाच्या रचनेचे शास्त्र वेगळे शिकण्याची फारशी गरज नाही. बुवा उभे राहतात, नमन होते, आणि पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्यातील सिद्धान्ताचे निरूपण सुरू होते. हे निरूपण कितीही सुबोध केले तरी तत्त्वाचेच असल्यामुळे अर्ध्यापाऊण तासात श्रोत्याचे मन शिणू लागते, आणि नेमक्या त्या घटकेला मध्यंतर येते: सारी सभा नामघोषात सामील होते, बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, आणि इतका वेळ नुसते ऐकत बसलेल्या माणसाला आपलाही आवाज उमटविण्याची संधी मिळते. मग उत्तररंगात आख्यान लागते, आणि मघाशी जे तत्त्व म्हणून कानांवर आले तेच आता हाडामांसाच्या माणसांच्या कथेतून डोळ्यांसमोर उभे राहते. बुवांचे डोळे या सबंध वेळात समोरच्या चेहऱ्यांवर असतात. मागच्या रांगेत चुळबुळ दिसली की पद आखडते घ्यायचे, एखाद्या प्रसंगाला डोळे ओलावलेले दिसले की तेथे थोडे रेंगाळायचे, हा निर्णय ते झांजेच्या एका ठोक्यात घेतात. आधुनिक संवादशास्त्र ज्याला प्रतिपोषण किंवा फीडबॅक म्हणते, ते हेच. तास-दीड तासाचे लिखित भाषण, श्रोते जागे आहेत की निजले आहेत याची दाद न घेता, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचून काढणाऱ्या आजच्या पाहुण्यांनी निदान एक कीर्तन मन लावून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाचून दाखविण्याच्या या दोषाची नोंद फार प्राचीन आहे. वेदपठणाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या पाणिनीय शिक्षेत अधम पाठकाचे सहा प्रकार दिले आहेत, आणि ते वाचताना आपल्या ओळखीच्या सभा डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवीत राहणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि ज्याचा आवाज कंठातच विरतो असा, हे ते सहा. उलट बाजूस सहा गुणही सांगितले आहेत: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, शब्द योग्य ठिकाणी तोडणे, चांगला स्वर, धैर्य आणि लय सांभाळण्याचे सामर्थ्य. यांत पल्लेदार शब्दकळेचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यांपैकी पदच्छेद हा गुण सर्वांत दुर्लक्षित. कोणता शब्द कोणाशी जोडावा, कोठे क्षणभर थांबावे, हे ज्याला कळले त्याचे साधे वाक्यही पोहोचते. थांबण्याचे भय मात्र नवशिक्याला फार वाटते. दोन सेकंदांची शांतता त्याला युगासारखी भासते, आणि ती भरून काढण्यासाठी तो ‘म्हणजे’, ‘खरं तर’, ‘ॲक्च्युअली’ अशा शब्दांची रास ओततो. श्रोत्याला मात्र ती शांतता हवी असते. तेवढ्या अवकाशात तो मागचे वाक्य मनात ठेवून घेत असतो.

सभाभयाचा विचार आता केलाच पाहिजे, कारण वाचकांपैकी पुष्कळांची खरी अडचण तीच आहे. बोलण्यासाठी उठताच छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो आणि श्वास वरच्या वर होऊ लागतो. ही सारी लक्षणे संकटाच्या वेळी शरीर जी तयारी करते तिचीच आहेत, आणि नामांकित वक्तेही त्यांतून सुटलेले नसतात. श्वास वरच्या वर झाला की आवाजाला आधार राहत नाही, तो चिरकतो, आणि तो चिरकलेला स्वतःच्याच कानांनी ऐकून भीती दुणावते. म्हणून उपाय श्वासापासून करावा. बोलण्यापूर्वी दोन-तीनदा श्वास सावकाश, घेण्याला लागला त्याहून अधिक वेळ घेऊन सोडावा; पहिली दोन वाक्ये मात्र पक्की मुखोद्गत असावीत, म्हणजे मन गोंधळले तरी जीभ वाट चुकत नाही; आणि सबंध सभेकडे एकदम न पाहता एकाच ओळखीच्या वा प्रसन्न चेहऱ्याकडे पाहून ती म्हणावीत. सबंध भाषण पाठ करणे धोक्याचे आहे, कारण पाठ केलेल्या साखळीतील एक कडी निसटली की उरलेली सारी साखळी हातची जाते. मुद्द्यांचे चार-पाच शब्द कागदाच्या तुकड्यावर असले म्हणजे पुरे. अमेरिकेत 1924 साली राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स नावाचे जे मंडळ सुरू केले आणि ज्याच्या शाखा आज पुण्यातही भरतात, त्याची सारी पद्धत एवढ्याच गोष्टीवर उभी आहे: थोडे बोलावे, वारंवार बोलावे, आणि ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला नेमके काय जमले व काय जमले नाही ते तोंडावर, पण सौजन्याने सांगावे.

श्वास आणि स्वर साधले, तरी लोकांनी आपले म्हणणे मानावे का, हा प्रश्न उरतोच. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याची भावस्थिती आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. पहिल्याचा दाखला पुण्याच्या इतिहासात आहे, आणि तो क्लेशकारक आहे. 1897 साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत त्यांना पत्रांतून कळली आणि ती त्यांनी तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा कळविणारे पुढे येईनात, आणि आरोप शाबीत करता येत नाहीत असे दिसताच गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीमुळे स्वकीयांनी त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला; त्यांचे सार्वजनिक जीवन संपले असेच अनेकांना वाटले. पण 1902 सालापासून मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांची जी भाषणे झाली, ती देशभर आणि विलायतेतही वाचली गेली, आणि त्यांतील आकड्यांशी झुंजताना सरकारी सभासदांना आपले सारे दप्तर चाळावे लागले. शाबीत होत नसलेले विधान जो माणूस भर चौकात मागे घेतो, त्याने उच्चारलेल्या पुढच्या प्रत्येक आकड्याला वजन येते. गोखल्यांचे वक्तृत्व शांत, मोजके आणि मांडणीत निर्दोष होते, हे खरेच. परंतु त्यामागे ही किंमत मोजलेली होती.

लोकमान्यांची जात निराळी. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्या वाणीत वक्रोक्तीची जी झळाळी होती ती टिळकांकडे नव्हती, आणि त्यांनी ती मिळविण्याचा प्रयत्नही केला नाही. 1916 साली बेळगावला आणि पाठोपाठ अहमदनगरला होमरूलवर त्यांची जी व्याख्याने झाली, त्यांत त्यांनी बादशहा व नोकरशाही यांतील भेद समजावून देण्यासाठी देव आणि पुजारी यांचा दृष्टांत घेतला: देव बदला असे कोणी म्हणत नाही, पुजारी बदलण्याची मागणी आहे. राज्यशास्त्रातील एक अवघड भेद त्या एका दृष्टांताने बाजाराच्या दिवशी आलेल्या शेतकऱ्यालाही उलगडला असेल. सरकारलाही तो उलगडला. त्याच वर्षी 23 जुलैला, टिळकांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या दिवशीच, या व्याख्यानांबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका का घेऊ नये अशी नोटीस त्यांच्यावर बजावण्यात आली. खालच्या कोर्टाने मुचलका मागितला आणि मुंबई उच्च न्यायालयाने, बॅरिस्टर जिनांचा युक्तिवाद ऐकून, तो हुकूम रद्द ठरविला. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात हजारोंच्या सभेतील शेवटच्या माणसाला समजेल असे बोलावयाचे, आणि त्याच वेळी समोर बसलेल्या सरकारी लघुलेखकाच्या वहीत उतरणारा प्रत्येक शब्द कायद्याच्या कसोटीला उतरेल असाही असावा, ही दुहेरी कसरत आज कोणा वक्त्याला करावी लागत असेल, असे वाटत नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी हास्य, अतिशयोक्ती आणि क्रोध यांच्या मिश्रणाने मैदाने दुमदुमविली, ती तऱ्हा पुन्हा वेगळी होती. आपण वक्ता कसे झालो हे त्यांनी ‘मी कसा झालो’ या पुस्तकात सांगून ठेवले आहे. गोखले, टिळक आणि अत्रे यांच्या शैली एकमेकींपासून इतक्या दूर आहेत, की वक्तृत्वाचा एकच नमुना मुलांपुढे ठेवणाऱ्या शिक्षकांनी त्यांचा विचार अवश्य करावा.

शब्दांखेरीजही माणूस बोलत असतो. 1888 साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात समारंभ केला. निमंत्रित मंडळी शालजोड्या, जरीच्या पगड्या आणि रत्नालंकार लेवून आली होती. जोतीराव फुले मात्र शेतकऱ्याच्या साध्या वेषात आले आणि तशाच वेषात बोलावयास उभे राहिले. येथे जमलेल्या श्रीमंतांवरून या देशाची परीक्षा करू नका, खरी रयत खेड्यापाड्यांत दारिद्र्यात आहे, तिच्या शिक्षणाचे काय ते महाराणींच्या कानांवर घाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हेच शब्द जरीकाठी उपरणे पांघरून उच्चारले असते तर ते एका सुविद्य गृहस्थाचे मत ठरले असते. त्या वेषामुळे ते साक्षीपुराव्यासारखे झाले.

वेष, हावभाव आणि स्वर यांचे हे सामर्थ्य सांगताना हल्लीच्या शिबिरांतून एक आकडा हमखास फेकला जातो: संवादात शब्दांचा वाटा अवघा 7 टक्के, स्वराचा 38 आणि चेहऱ्याचा 55. ज्यांच्या नावावर हा आकडा सांगितला जातो त्या आल्बर्ट मेहरेबियन यांनी 1967 साली केलेले प्रयोग सुट्या शब्दांवर आणि चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर आधारलेले होते, आणि त्यांचा विषय आवडनिवड, आपुलकी, तिटकारा अशा भावनांपुरता मर्यादित होता. तोंडातील शब्द आणि चेहरा एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागले, तर ऐकणारा चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा निष्कर्ष. त्यावरून विषयाच्या अभ्यासाला अवघे 7 टक्के महत्त्व आहे असा समज करून देणे, हे शिकणाऱ्या तरुणांचे नुकसान करणे आहे. फुल्यांच्या वेषाला अर्थ आला तो त्यांच्या शब्दांमुळे, आणि त्यांच्या शब्दांना धार आली ती त्या वेषामुळे.

सभेत उभे राहण्याचा अधिकारच ज्यांना नाकारला होता, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांना स्त्री-वैद्यांची व स्त्री-शिक्षिकांची गरज किती आहे ते निर्भीडपणे सांगितले. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचे कोणते बोल सोसावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. भरसभेतले धैर्य आणि त्याच रात्री माजघरात गप्प राहून टोमणे ऐकण्याचे धैर्य, यांपैकी मोठे कोणते, हे मला ठरविता येत नाही.

माजघराचा उल्लेख आला, तो या विषयाच्या दुसऱ्या दालनात शिरण्यास बरा. व्यासपीठ आयुष्यात थोड्यांच्या आणि थोड्या वेळा वाट्यास येते. दोघाचौघांतील बोलणे मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते, आणि त्याचे शिक्षण कोणी देत नाही. नोव्हेंबर महिन्यात पेठेतील कोणत्याही बँकेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. पंचाहत्तरी उलटलेले एक गृहस्थ, हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक आणि आधार कार्डाची घडी घातलेली प्रत, तासाभराने खिडकीशी पोहोचतात. यंत्रावर अंगठा उमटत नाही. वयोमानाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. पडद्यावरची नजर न काढता आतून उत्तर येते, “नाही घेत. उद्या या.” यात खोटे काहीच नाही. तरीही म्हातारा माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसतो तो अपमान गिळूनच. हीच माहिती दुसऱ्या तोंडून अशी येते: “आजोबा, अंगठा उमटत नाहीये, होतं असं पुष्कळांचं. जरा बोटं पुसून दुसरं बोट ठेवून पाहू, नाहीच झालं तर फॉर्म भरून घेतो. बसा हं खुर्चीवर.” वेळ फार तर दहा सेकंद अधिक लागला. फरक पडला तो नजर वर उचलण्याने, ‘आजोबा’ या संबोधनाने, दोष माणसावरून काढून यंत्राकडे ठेवण्याने, आणि पुढे काय करावयाचे हे सांगण्याने. संवादशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की प्रत्येक उच्चाराचे दोन भाग असतात, एक माहितीचा आणि दुसरा नात्याचा. तुम्ही मला कोण समजता, हे त्या दुसऱ्या भागातून कळते. पहिल्या खिडकीवर माहिती पोहोचली आणि नाते तुटले.

मराठीत हा नात्याचा भाग क्रियापदापर्यंत उतरलेला असतो. ये, या, यावे, या तिन्हींतून निवड केल्यावाचून आपल्याला कोणाला बोलावताच येत नाही. भाजीवाल्या मावशींना ‘अहो’ म्हणावयाचे की ‘अगं’, वयाने लहान पण हुद्द्याने मोठ्या अधिकाऱ्याला काय म्हणावयाचे, हे ठरविताना आपण वय, हुद्दा, जात, लिंग यांची जुनी मोजमापे नकळत वापरीत असतो. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून सर्वांना नावाने हाक मारण्याची जी पद्धत रूढ झाली आहे तिने काही भिंती पाडल्या आहेत, आणि हे चांगलेच झाले. पण घरकाम करणाऱ्या बाईंना अजूनही एकेरीत बोलणाऱ्या घराने आपल्या मुलाला संवादकौशल्याच्या वर्गाला घालून फारसे काही साधणार नाही.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा हे या दोन्ही दालनांच्या उंबरठ्यावरचे ठिकाण. तेथे भाषणही करावे लागते आणि शेजारधर्मही सांभाळावा लागतो. टँकरच्या पाण्यावर खर्च वाढला आहे, आणि त्यासाठी मासिक देखभालशुल्क वाढवावयाचे आहे, असे समजा. सचिव उठतात आणि वाढीचा ठराव वाचून मोकळे होतात. मग गदारोळ उसळतो, तिसऱ्या मजल्यावरचे काका जुन्या लिफ्टचे प्रकरण काढतात, आणि पाण्याचा प्रश्न वाहून जातो. याच जागी सचिवांनी आधी चार घरांत जाऊन लोकांना काय खुपते ते ऐकले असते, सभेत आरंभीच ‘काहींचे म्हणणे असे, की गळती न थांबवता पैसे वाढविणे अन्यायाचे आहे’ हा विरोधकांचा मुद्दा त्यांच्याहून चांगल्या शब्दांत मांडला असता, गळतीचा तपास कोठवर आला ते सांगितले असते, आणि मग ठरावाकडे वळले असते, तर सभा दुसरीकडे गेली असती. आपल्या शास्त्रकारांनी याला पूर्वपक्ष म्हटले आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावे, आणि मगच उत्तरपक्ष करावा, ही त्या वादपद्धतीची अट. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी भांडणाऱ्या माणसांसाठी जवळजवळ हाच नियम सुचविला: समोरच्याने काय म्हटले ते, त्याचे समाधान होईपर्यंत, आधी आपल्या शब्दांत सांगावे, तोवर आपले म्हणणे मांडू नये. नियम ऐकावयास सोपा वाटतो. पती-पत्नींनी किंवा बाप-लेकांनी एका संध्याकाळपुरता तो पाळून पाहावा. उत्तर मनात जुळवीत असताना आपण ऐकणे केव्हाच सोडून दिलेले असते, हे पहिल्या दोन मिनिटांतच ध्यानात येते.

पुण्यातील शाळांतून, महाविद्यालयांतून आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून आजही वक्तृत्वस्पर्धा होतात, ढाली आणि करंडक दिले जातात, आणि आपला क्रमांक होऊन गेलेला स्पर्धक उरलेल्यांचे न ऐकता बाहेर जाऊन उभा राहतो, हे प्रत्येक परीक्षकाने पाहिले आहे. रानड्यांच्या सभेचा वारसा सांगणाऱ्या या शहरातील एखाद्या संस्थेने एक नवे पारितोषिक ठेवून पाहावे, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक भाषण संपताच उरलेल्या स्पर्धकांपैकी एकाच्या नावाची चिठ्ठी काढावी. त्याने उभे राहून दोन मिनिटांत, आपले मत न मिसळता, आत्ताच्या वक्त्याचे म्हणणे सभेला सांगावे. आणि त्याचे गुण परीक्षकांनी न देता, ज्याचे भाषण झाले त्या वक्त्यानेच द्यावेत.